ज्वारी-मटकीचे पोटभरीचे सॅलड

सॅलड म्हटले, की काकडी-टोमॅटोच्या चकत्या डोळ्यांसमोर येतात. त्या ताटाची शोभा वाढवतात. पण तासाभरात पुन्हा भूक लागते. धान्य आणि कडधान्य एकत्र आले, की हेच सॅलड जेवणाची जागा घेऊ शकते. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी आणि उसळीची आपल्याकडील जोडी त्यामुळेच आहाराच्या दृष्टीने चोख ठरते.

साहित्य (चार जणांसाठी) : अख्खी ज्वारी 1 वाटी, मटकी अर्धी वाटी, काकडी, कांदा व टोमॅटो प्रत्येकी 1, डाळिंबाचे दाणे अर्धी वाटी, हिरवी मिरची 1, लिंबे 2, तेल 2 चमचे, शेंगदाण्याचे कूट 2 चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर, मीठ.

पूर्वतयारी : मटकी आठ तास भिजवून, निथळून फडक्यात बांधावी. साधारण बारा तासांत मोड येतात. थंडीत अधिक वेळ लागतो. ज्वारी रात्रभर वेगळी भिजवावी.

कृती : ज्वारीत तीन वाट्या पाणी घालून कुकरची पहिली शिटी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास शिजवावी. दाणा मऊ, पण अखंड राहायला हवा. उरलेले पाणी निथळून काढावे. मोड आलेली मटकी सात-आठ मिनिटे वाफवावी. ज्या उबदार ओलाव्यात मोड येतात, त्यातच जिवाणूही वाढतात. त्यामुळे लहान मुले, वृद्ध आणि गर्भवतींना कच्चे मोड देऊ नयेत. ज्वारी व मटकी एकत्र शिजवू नये, मटकीचा गाळ होतो.

दोन्ही कोमट असतानाच लिंबाचा रस, तेल, मीठ व जिरेपूड घालावी. चव दाण्यात मुरते. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. मात्र जेवणाबरोबर चहा घेतल्यास उलट परिणाम होतो. पूर्ण गार झाल्यावर चिरलेल्या भाज्या, मिरची, डाळिंब आणि कोथिंबीर मिसळावी. कूट अगदी शेवटी घालावे.

बदल हवा असल्यास मटकीऐवजी मूग किंवा शिजवलेले हरभरे चालतात. राजमा वापरल्यास तो भिजवून, पाणी बदलून पूर्ण शिजवावा; कच्च्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. थंडीत ज्वारीऐवजी भाजलेला हुरडा घेतल्यास गोडवा येतो.

भाज्या न घालता ज्वारी-मटकी फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते. सकाळच्या घाईत मग केवळ काकडी-टोमॅटो चिरण्याचे काम उरते.