जंतूंची दुष्काळसंहिता

इ. स. 1899-1900 च्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळलें, तेव्हां आजचा यवतमाळ जिल्हा वणीच्याच नांवानें ओळखला जाई. अशा संकटासाठीं सरकारनें दुष्काळसंहिता रचिली होती; तरी माणसें फार मेलीं.

वणीच्या काळ्या मातींतील जंतूंनाहि उपासमार नवी नाहीं. जंतूंपाशींहि एक संहिता असते, हें 1969 सालीं अमेरिकेंत मायकेल कॅशेल व जोनाथन गॅलंट यांना आढळलें. उपाशी ठेवलेल्या आंत्रजंतूंच्या रसायनपटावर दोन अनोळखी ठिपके उमटले. त्यांस ‘जादूचे ठिपके’ हें नांव पडलें. ते ग्वानोसीनचे संदेशरेणु होते. अमिनो आम्लांचा तुटवडा पडला, कीं रिकामा वाहक-आरएनए रायबोसोमवर येतो. तेथेंच ‘रेलए’ नांवाचें विकर हे रेणु घडवितें. मग नवे रायबोसोम बांधणें आवरतें, आणि शक्ति उण्या पडलेल्या अमिनो आम्लाच्या निर्मितीकडे वळते.

या काटकसरीचें कौतुक करतांना आम्ही कचरतों. कारण क्षयाचा जंतुहि याच संकेताच्या बळावर दीर्घकाळ तग धरतो. तथापि एक गोष्ट आम्हांस घेण्यासारखी वाटते. जंतूंत भुकेच्या जागींच संहिता अंमलांत येते. माणसांत मात्र भुकेची वार्ता झोंपडींतून कचेरीपर्यंत पोंचावी लागते.