सोळा उपचार आणि सोळा ऋचा

सकाळीं ताम्हनांत देव उतरून आमच्या घरोघर जी पूजा होते, ती वेदकाळापासून अशीच चालत आली आहे असा वाचकांपैकीं पुष्कळांचा समज असेल. वेदकालीन नित्यधर्म अग्नींत आहुति देण्याचा होता; मूर्तीस स्नान घालून गंध लावण्याचा विधि मागाहूनचा. आसन, पाद्य, अर्घ्य, आचमनीय हे आरंभींचे उपचार पाहिले, तर गृह्यसूत्रांतील मधुपर्काची, म्हणजे दारीं आलेल्या मान्य अतिथीच्या सत्काराची, तत्काळ आठवण होते. देव घरीं आला तो पाहुणा म्हणून!

या नव्या विधीस वेदमंत्र हवे होते. ऋग्वेदाच्या 10 व्या मंडलांतील पुरुषसूक्ताच्या ऋचा 16 आणि उपचारही 16. जुळणी झाली, परंतु ती संख्येची, अर्थाची नव्हे. वसंत हें तूप, ग्रीष्म हें इंधन असें सांगणारी 6 वी ऋचा देवाच्या स्नानास लागली. घोडे व गाई उत्पन्न झाल्याची 10 वी फुलांस. सूर्यचंद्रांची 13 वी दिव्यास किती शोभली असती! ती गेली नैवेद्याकडे, आणि निरांजन ओवाळतांना आम्ही म्हणतों ती 12 वी, चातुर्वर्ण्याच्या उत्पत्तीची.

ज्या स्त्रीशूद्रांस वेदाधिकार नाकारला गेला, त्यांच्यासाठीं निबंधकारांनीं पुराणोक्त व नाममंत्रांची वाट ठेविली. गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य आणि देवाचें नांव, एवढ्यावर त्यांची पूजा पुरी होई. तींत फूल वाहतांना फुलाचाच उच्चार होई, आणि दिवा ओवाळतांना दिव्याचा.