वेरूळच्या गिलाव्यातील भांगेचे तंतू

सिमेंटविना केलेल्या बांधकामाला तंतूंनी बळकटी देण्याच्या रीतीचा महाराष्ट्रातील एक बोलका पुरावा वेरूळच्या लेण्यांत आहे. बेसाल्टच्या कातळात खोदलेल्या भिंती चित्रांसाठी पुरेशा गुळगुळीत नसल्यामुळे त्यांवर माती किंवा चुन्याचा थर, म्हणजे गिलावा, चढवला जाई. परंतु असा थर वाळताना आकसतो आणि त्याला तडे जातात. थरात तंतू असले, तर तडा रुंदावू लागताच त्याच्या दोन्ही काठांत रुतलेला धागा ताण स्वतःवर घेतो आणि पापुद्रा सहसा सुटून पडत नाही.

राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत भांगेच्या झाडाचे तंतू आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यातही वनस्पतिजन्य पदार्थ आहेत, पण भांग नाही. तेथे किडींनी चित्रांची मोठी हानी केली, तर वेरूळला हा उपद्रव फारच कमी आहे, आणि त्याचे श्रेय या अभ्यासकांनी भांगेला दिले. म्हणजे तंतू कोणता, हा प्रश्न बळकटीइतकाच महत्त्वाचा ठरला.

गिलाव्यात वापरल्या जाणाऱ्या चुन्याचा एक गुण आज अधिक मोलाचा वाटतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली जाते, तर सिमेंटच्या भट्टीला सुमारे १४५० अंश लागतात. शिवाय भाजताना बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग चुना घट्ट होताना हवेतून परत शोषून घेतो.

विसाव्या शतकात सिमेंटला पर्याय वेगळ्या वाटेने आला. १९५० च्या दशकात कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी झोतभट्टीतील मळीवर, म्हणजे लोखंड वितळवताना उरणाऱ्या स्लॅगवर, अल्कलीची क्रिया घडवून बंधक द्रव्य तयार केले. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी अशाच प्रकारच्या पदार्थांना ‘जिओपॉलिमर’ हे नाव दिले. अशा बंधकाचे काँक्रीट दाब उत्तम सोसते, मात्र ताणाला ठिसूळ असल्यामुळे त्यातही पोलादाचे, कृत्रिम किंवा वनस्पतींचे तंतू मिसळले जातात. फरक इतकाच की, तीव्र अल्कलीत वनस्पतींच्या धाग्यातील हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे घटक झिजतात, त्यामुळे भांग, ताग किंवा काथ्या वापरण्यापूर्वी त्यांवर प्रक्रिया करावी लागते.