पाय कुणाचे, पडदा कुणाचा

टॅप हा नाच जितका पाहायचा तितकाच ऐकायचा. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात आणि नाचणारा लाकडी फळ्यांवर पायांनी ठेका वाजवतो. ढोलकीच्या बोलाला चाळांनी उत्तर देणारी लावणी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन्हीकडे पाय हेच वाद्य. दुसरे साम्य इतके सुखाचे नाही. हे नाच ज्यांनी घडवले त्यांना समाजाने खालच्या पायरीवर ठेवले होते, आणि त्यांचा नाच घरोघर पोचवला तो सिनेमाने. पोचवताना नाच आत आला आणि नाचणारे बहुतेक वेळा दाराबाहेर राहिले. हे नेमके कसे घडते, याचे तीन दाखले इथे मांडते: एक हॉलिवूडचा, एक मराठी तमाशापटांचा, आणि एक मी राहते त्या चंडीगढच्या परिसरातला, म्हणजे पंजाबचा.

साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांनी बंड केले. ढोलाच्या आवाजातून निरोप जातात अशी मालकांना धास्ती होती, म्हणून पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे वाजवायची मनाई झाली. ढोल गेला तेव्हा ठेका टाळ्यांत, मांडीवरच्या थापांत आणि पायांत उतरला, असे टॅपचे इतिहासकार मानतात. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या गरीब वस्तीत आयरिश आणि कृष्णवर्णीय माणसे शेजारी राहत. आयरिश जिग आणि आफ्रिकी ठेका तिथे एकमेकांत मिसळले. चार्ल्स डिकन्स तिथे जाऊन आला आणि १८४२ च्या ‘अमेरिकन नोट्स’ मध्ये त्याने एका कृष्णवर्णीय नर्तकाचे थक्क होऊन वर्णन केले. तो नर्तक म्हणजे ‘मास्टर जूबा’ या नावाने गाजलेला विल्यम हेन्री लेन, असे सहसा समजतात. त्याच काळात तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांचे खेळ अमेरिकेत तुफान चालत होते. म्हणजे हॉलिवूडच्या कितीतरी आधी नाच आणि नाचणारा यांची ताटातूट सुरू झाली होती.

बोलपट आले आणि टॅपला सोन्याचे दिवस आले. १९३५ च्या ‘द लिटल कर्नल’ मध्ये बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन छोट्या शर्ली टेंपलचा हात धरून जिन्याच्या पायऱ्यांवर नाचतो. रॉबिन्सन तेव्हा छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा, रंगभूमीवरचा मोठा कलावंत. चित्रपटात मात्र तो घरातला नोकर. तरीही हातात धरलेला गोऱ्या मुलीचा हात दक्षिणेकडच्या राज्यांत चालणार नव्हता, आणि तिथे तो तुकडा कापला गेला. पुढच्या वर्षी ‘स्विंग टाइम’ मध्ये फ्रेड अस्टेअरने रॉबिन्सनला मानवंदना म्हणून एक नाच केला, तोही तोंड काळे रंगवून. त्यातल्या टाचांच्या कामावर रॉबिन्सनपेक्षा जॉन बबल्सची छाप अधिक आहे, असे जाणकार सांगतात. बबल्सही कृष्णवर्णीय होता आणि अस्टेअर त्याच्याकडे शिकला होता. नाव एकाचे, पाय दुसऱ्याचे आणि चेहरा तिसऱ्याचा.

१९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’ मध्ये फेयार्ड आणि हॅरल्ड या निकोलस बंधूंनी जिन्यावर एकमेकांच्या डोक्यावरून उड्या घेत, पाय फाकून खाली उतरत केलेला नाच आजही श्वास रोखून पाहावा लागतो. पण त्या चित्रपटातले कलावंत सगळे कृष्णवर्णीय होते. इतर चित्रपटांत या भावांचा नाच कथेला चिकटू न देता स्वतंत्र ठेवला जाई. दोघे येत, नाचत, निघून जात. त्यामुळे तेवढी रिळे काढून टाकली तरी गोष्ट अडत नसे. जेनी लगॉनचे तर तेही झाले नाही. १९३५ मध्ये एमजीएमने तिच्याशी करार केला, आणि एकाही चित्रपटात न घेता तो मोडला. पुढे तिच्या वाट्याला मोलकरणीच आल्या. त्यातली एक १९४८ च्या ‘ईस्टर परेड’ मधली, जिथे नायक अस्टेअर होता.

हॉलिवूडची तऱ्हा अशी कात्रीची. तिचा एक उपकार मात्र मानावा लागतो. कात्रीच्या खुणा राहतात. रंगवलेले तोंड पडद्यावर दिसते, कापलेल्या रिळाची आठवण कागदोपत्री उरते. पुढच्या पिढीला बोट ठेवायला जागा मिळते.

आता मराठीकडे वळू. तमाशा हा मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी जगवलेला खेळ. त्यात ब्राह्मण शाहीरही आले. पेशवाईच्या अखेरीस सोलापूरचे राम जोशी, आणि पुढे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव. बापूरावांच्या फडाची कीर्ती महार समाजातल्या पवळाच्या नाचगाण्यावरही उभी होती. पण चित्रपटासाठी जी गोष्ट निवडली गेली ती ब्राह्मण कवीची. राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७ मध्ये आला आणि तुफान चालला. बयाच्या भूमिकेत हंसा वाडकर होत्या. त्याच सुमारास मुंबई प्रांताच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणाने खऱ्या तमाशावर बंदी घातली. बंदी उठली ती वग आणि लावण्या आधी तपासून घ्यायच्या अटीवर. पडद्यावरच्या तमाशाला रांगा आणि कनातीतल्या तमाशाला तपासणी, असा तो काळ.

१९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला आणि जयश्री गडकरांवर चित्रित झालेली बुगडीची लावणी घराघरात गेली. १९७२ मध्ये व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ आला. ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाच्या धाग्यावर बेतलेला. तमाशातली बाई कथेच्या मध्यभागी आहे, पण कथा आहे आदर्शवादी गुरुजींच्या अधःपाताची. तिचा नाच हे त्यांचे संकट. इथे कात्री लावायची गरजच पडली नाही. नाचणारीला बाहेर काढण्याऐवजी तिला दुसऱ्याच्या गोष्टीतले निमित्त केले. ही कथेची तऱ्हा.

या नायिका, म्हणजे हंसा वाडकर, जयश्री गडकर, संध्या, फडातून आलेल्या नव्हत्या. हे सांगताना काळजी घ्यायला हवी. हंसाबाई स्वतः कलावंतांच्या घराण्यातल्या, आणि त्या जगण्याचे ओझे त्यांनी आत्मकथनात कसलाही आव न आणता मांडले आहे. कुणी कुणाचे चोरले, अशी सरळ फिर्याद इथे करता येत नाही. शिवाय पार्श्वगायनाने लावणीचे आणखी दोन भाग केले होते, पाय एकीचे आणि गळा दुसरीचा. सुलोचना चव्हाणांचा ठसका अस्सल होता. त्या मात्र डोक्यावर पदर घेऊन माइकसमोर उभ्या राहून गात. त्यामुळे लावणी मध्यमवर्गीय दिवाणखान्यात निर्धास्त शिरली. जिला रात्रभर कनातीत एकाच देहाने गावे, नाचावे आणि प्रेक्षकांच्या सवालांना उत्तरही द्यावे लागे, ती बाई या श्रमविभागणीत कुठेच बसत नव्हती.

त्या बाईचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर असे होते. दोनदा राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला. खेळ सुरू असताना पडद्यामागे बाळंत होऊन, दगडाने नाळ ठेचून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे. २००२ मध्ये हलाखीतच त्या गेल्या. बिल रॉबिन्सनही १९४९ मध्ये कफल्लक मेला आणि त्याच्या अंत्ययात्रेला न्यूयॉर्कचे रस्ते भरून गेले. आज विठाबाईंच्या नावाने राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे. नावाला मान मिळाला, तो असा.

तिसरा दाखला पंजाबचा. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून निर्वासित आले आणि सियालकोट, गुजरांवाला या भागांतला हंगामी भांगडाही त्यांच्याबरोबर आला. पतियाळाच्या महाराजांच्या आश्रयाने १९५० च्या दशकात त्याचे रंगमंचासाठी नवे रूप बांधले गेले. त्यात सुनामच्या दीपक बंधूंचे नाव मोठे. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनी हा भांगडा नाचला, आणि मग ‘जागते रहो’ (१९५६) आणि ‘नया दौर’ (१९५७) मधून देशभर पसरला. ‘नया दौर’ मधले ते गाणे आज मराठी वरातीतही बँड वाजवतो. या पथकाचा आधार होता भाना राम सुनामी यांचा ढोल. भाना राम बाजीगर समाजाचे. कसरतीचे खेळ करणारी ही जमात पंजाबात अनुसूचित जातींत मोडते. आजही पूर्व पंजाबातले बरेचसे ढोलवाले याच समाजाचे. चंडीगढचे उस्ताद गरीब दास हेही बाजीगर. त्यांच्याकडे शिकलेल्या गिब श्रेफ्लर या अमेरिकन संशोधकाने २०२१ मध्ये पंजाबच्या ढोलवाल्यांवर एक पुस्तकच लिहिले.

इथे ढोलवाला कापला गेला नाही की त्याला निमित्तही केले नाही. भांगड्याच्या रिंगणात तो अगदी मधोमध उभा असतो. सगळे त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्या टिपरीवर पाऊल बदलतात. पण त्या नाचाला ‘पंजाबचा नाच’ म्हटले की ढोल पंजाबचा होतो आणि ढोलवाला कुणाचाच राहत नाही. ही बिरुदाची तऱ्हा. लग्नात नोटा ओवाळून टाकणारा यजमान आणि त्या वेचणारा ढोलवाला यांच्यातले अंतर त्या बिरुदाने मिटत नाही, फक्त झाकले जाते.

वंश आणि जात या एक गोष्टी नव्हेत, आणि या तुलनेतला खरा फरक इथेच आहे. वर्ण पडद्यावर दिसतो. अस्टेअरला तोंड रंगवावे लागले, म्हणून नक्कल नक्कल म्हणून उघडी पडली. जात पडद्यावर दिसत नाही. नऊवारी नेसली, चाळ बांधले, तुर्रेबाज पगडी घातली की काम भागते. आपल्याकडे काळा रंग लागलाच नाही, म्हणून पुसायचाही प्रश्न आला नाही. जे दिसत नाही ते नसतेच असे मानण्याची सोय मात्र झाली.

अनुवाद करताना ही सोय रोज समोर येते. लावणीबद्दल इंग्रजीत लिहिताना हात आपोआप ‘लोककला’ या अर्थाच्या शब्दाकडे जातो. शब्द सभ्य आहे, संपादकांना आवडतो, तळटीप लागत नाही. पण त्यातले लोक कोण? निर्बंधांच्या त्याच काळात अण्णाभाऊ साठ्यांनी आपल्या तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हटले, तेव्हा एका मांग शाहिराने सरकारला दिलेला तो चकवा होता. त्या ‘लोक’ मध्ये गिरणगाव होता, मांगवाडा होता. पुढे तोच शब्द महोत्सवांच्या पत्रिकांवर आला आणि त्यातली माणसे गळून पडली.

म्हणून मी अनुवादात आता ‘तमासगीर’, ‘कोल्हाटी’, ‘बाजीगर’ हे शब्द आहेत तसे ठेवते आणि वाचकाला तिथे अडखळू देते. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणी आणि जात यांचा संबंध उलगडला, शैलजा पाईक यांनी २०२२ च्या पुस्तकात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या माणूसपणाचा प्रश्न मांडला. त्यांच्यामुळे हे शब्द टाळायला सबब उरलेली नाही. दरसाल जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. राहुटीवरच्या पाटीवर फड ज्या बाईचा, तिचे नाव ठळक अक्षरांत असते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत न सापडणारे नाव तिथे वाचता येते.