साडेचारशे रुपयांची नोकरी सोडताना

गेल्या दिवाळीत मिरजगावला गेलो तेव्हा लॅपटॉपमध्ये एक एक्सेल फाइल होती. एमबीएचा हिशोब. एका रकान्यात फी, पुण्यातल्या नोकरीचा बुडणारा पगार आणि कर्जाचं व्याज. दुसऱ्यात पदवीनंतरचा संभाव्य पगार. सात वर्षांत सगळं वसूल होत होतं. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसूनच अण्णांनी आकडे पाहिले. उधारी कधी येते आणि कधी बुडते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते एवढंच म्हणाले, "बँक तारण मागत असेल तर विहिरीजवळचे दोन एकर लावू."

त्याच सुट्टीत धनंजय कीर यांनी लिहिलेलं बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र वाचत होतो. १९१७ ते १९२३ या वर्षांपाशी आलो आणि थांबलो. मी आज ज्या वयाचा आहे त्याच वयात त्यांनी हातातली नोकरी सोडून पुन्हा शिकायला जायचं ठरवलं होतं. त्यांची लढाई आणि माझी फाइल यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळतं. पण हिशोब कसा मांडायचा, हे त्यांच्याकडून शिकता येतं.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, म्हणजे महिना साडेअकरा पौंडांवर, ते तीन वर्षं कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं; पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि पुढच्याच वर्षी परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा मात्र विद्यापीठाने दिली होती. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान होत होते. अखेर त्यांना मुंबईला परतावं लागलं. मग त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं आणि तो बंद पडला. अर्थशास्त्राचं त्यांच्याइतकं शिक्षण तेव्हाच्या मुंबईत फार थोड्यांकडे असेल. तरी बाजाराने ज्ञान पाहिलं नाही, जात पाहिली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार साडेचारशे रुपये. वाणिज्य शिकवणारं हे कॉलेज १९१३ साली सुरू झालेलं. विद्यार्थी त्यांच्या तासाला आवडीने बसत. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांची हरकत होती. मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली आणि जुलैत लंडनला निघाले. गाठीला पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी उसने दिलेले पाच हजार रुपये होते.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. १९२१ मध्ये दीडही मिळेनात. पाच हजार रुपयांचे दोन शिलिंगांच्या दराने पाचशे पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने ३३३. म्हणजे ग्रंथालयात बसून ते रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते आणि तोच घसरता रुपया त्यांचं जेवण कमी करत होता. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. एम.एस्सी. १९२१ मध्ये झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. डी.एस्सी.च्या प्रबंधात परीक्षकांनी बदल सुचवले तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथूनच प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षाअखेर पदवी मिळाली.

आणि वसुली? पगाराच्या रकान्यात ती दिसत नाही. १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते, कारण वकिलीवर घर चालत नव्हतं. पण त्याच वर्षी चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. मला वाटतं, त्यांना हवी होती ती बढती नव्हेच. पाण्याच्या भांड्यावरून कुणी हिणवू शकणार नाही आणि तोंड उघडलं म्हणून कुणी काढून टाकू शकणार नाही, असा धंदा त्यांना हवा होता. बॅरिस्टरीने तो दिला.

या हिशोबाचा आणखी एक रकाना परळच्या चाळीत होता. तिथे रमाबाई होत्या, मुलं होती, दिवंगत भावाची बायको आणि मुलगा होता. घरातला मिळवता माणूस तीन वर्षं समुद्रापार होता. लंडनमधल्या अर्धपोटी दिवसांबद्दल आपण नेहमी वाचतो. चाळीतल्या त्याच तीन वर्षांबद्दल फार कमी लिहिलं जातं. त्या पदव्यांची किंमत दोन्हीकडे मोजली गेली.

माझ्या फाइलमध्ये हा रकाना नव्हता. ते दोन एकर अण्णांचे आहेत. उद्या त्यात माझ्याइतकाच धाकट्या बहिणीचाही वाटा असेल. ती नगरला फार्मसी करते. तारणाची गोष्ट तिला कुणी विचारलीच नव्हती, मीही नाही. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला. तिने आकडे नीट वाचले, व्याजाच्या एका ओळीतली चूक दाखवली आणि विचारलं, "दादा, शिकून आल्यावर तू वेगळं काय करणार आहेस?"

पगार वाढेल, असं म्हणणार होतो. ते तर फाइलमध्ये लिहिलेलंच होतं. अर्जाची मुदत फेब्रुवारीत आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर तोवर सापडलं, तर तारणाच्या कागदांची गोष्ट तिच्याशीच आधी बोलेन.