डिग्री आहे, तरी फार्मा कंपन्यांना माणसं का मिळत नाहीत?

मी औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये काम करतो, नवीन मुलांच्या मुलाखतीही घेतो. एका जागेसाठी बी.फार्म. आणि एम.एस्सी. झालेल्यांचे ढीगभर अर्ज येतात. तरी जागा महिनोन्‌महिने रिकामी राहते. अडतं ते डेटा इंटिग्रिटीवर, म्हणजे नोंदींच्या खरेपणावर.

नेमकं कुठे अडतं?

गोळीत औषध किती आणि अशुद्धी किती, हे एचपीएलसी मशीनवर मोजतात. ते चालवायला कॉलेजात शिकवतात. पण कंपनीत हे मशीन सॉफ्टवेअरला जोडलेलं असतं. कोणी, कधी, काय आणि का बदललं, याची नोंद त्यात आपोआप होते. तिला 'ऑडिट ट्रेल' म्हणतात.

मी मुलाखतीत हमखास विचारतो, "रिझल्ट मर्यादेबाहेर आला तर काय कराल?" बहुतेक जण म्हणतात, "सर, पुन्हा इंजेक्ट करू." इथेच गाडी अडते. आधी वरिष्ठांना कळवायचं, मग कारण शोधायचं. तोपर्यंत सॅम्पलची सोल्यूशन्स फेकायची नाहीत. चांगला आकडा येईपर्यंत टेस्ट करत राहिलं, तर खराब बॅच पेशंटपर्यंत जाऊ शकते.

अल्कोआ म्हणजे काय?

चांगल्या नोंदीच्या पाच कसोट्या:

- कोणी केली ते कळतं
- वाचता येते
- काम करतानाच लिहिलेली असते
- मूळ असते (कच्च्या कागदावरून उतरवलेली नाही)
- अचूक असते

आताच गरज का वाढली?

इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी अमेरिकेचा '२१ सीएफआर भाग ११' १९९७ पासून लागू आहे. निर्यात करणाऱ्या कंपन्यांना त्याची सवय आहे. आपल्याकडे सुधारित 'शेड्यूल एम' डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालं. त्यात क्वालिटी रिस्क मॅनेजमेंट आणि कॉम्प्युटर सिस्टीमचं व्हॅलिडेशनही आलं. म्हणजे हे जाणणारी माणसं आता छोट्या कंपन्यांनाही लागणार.

विद्यार्थ्यांनी काय करावं?

१. अमेरिकी एफडीएची वॉर्निंग लेटर्स वाचा. ती फुकट मिळतात, आणि प्रत्यक्षात काय चुकतं ते कळतं.
२. प्रॅक्टिकलची नोंद थेट जर्नलमध्ये करा. चूक झाली तर एकच रेघ मारून सही, तारीख आणि कारण लिहा.
३. ट्रेनिंगला गेलात की ऑडिट ट्रेल दाखवायला सांगा.

मशीन आम्ही महिन्याभरात शिकवतो. खरा आकडा लिहायची सवय मात्र घरूनच घेऊन या.