घरी तिरंदाजीचा सराव करायचाय? टार्गेटच्या आधी त्याच्या मागची जागा बघा

2023 साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेते झाले. त्यांना बघून धनुष्य हाती घेतलेल्या मुलांच्या घरी एक प्रश्न हमखास येतो: सराव घरीच करता येईल का? येईल. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. नेम चुकला तर बाण कुठे जाईल?

जागा कशी हवी?
शिकाऊ मुलांच्या 20 पौंडांच्या धनुष्यातून तिरका वर सुटलेला बाणही 100 मीटरच्या पुढे जाऊ शकतो. त्यामुळे टार्गेटच्या मागे रस्ता, पायवाट, गोठा किंवा शेजाऱ्याचं अंगण नको. मातीचा उंच बांध किंवा दार-खिडकी नसलेली भिंत सर्वांत चांगली. इमारतीची गच्ची मात्र टाळावी, कारण कठड्यावरून गेलेला बाण थेट खाली माणसांत पडतो.

भिंत असली तरी जाळी हवीच
दगड-विटांवर आपटलेला बाण फुटतो किंवा उलटा येतो. म्हणून भिंतीच्या पुढे थोडं अंतर सोडून तिरंदाजीची खास जाळी लावावी. ती ताणून बांधू नये. सैल जाळी बाणाचा जोर जिरवते, ताणलेली जाळी बाण आरपार जाऊ देऊ शकते. जाळीचा खालचा भाग जमिनीवर लोळू द्यावा.

टार्गेट कसं करायचं?
तयार फोमचं टार्गेट मिळतं. सुरुवातीला पोत्यात जुने कपडे घट्ट कोंबूनही काम भागतं. फक्त बटणं आणि चेन आधी काढाव्यात. टार्गेट पडणार नाही असं बांधावं. स्पर्धेत लक्ष्याचं केंद्र जमिनीपासून 130 सेंटिमीटरवर असतं.

अंतर किती?
इनडोअर स्पर्धा 18 मीटरवर होतात. नवशिक्यांनी मात्र 3 ते 5 मीटरपासून सुरुवात करावी आणि सगळे बाण टार्गेटमध्येच लागू लागले की मगच मागे सरकावं.

न मोडायचे नियम
• सगळ्यांनी एकाच रेषेवरून बाण सोडावेत. त्या रेषेच्या पुढे कुणी असेल, तर धनुष्याला बाण लावायचाच नाही.
• दोरी ओढताना बाणाचं टोक टार्गेटकडेच हवं, आकाशाकडे नाही.
• बाण न लावता ताणलेली दोरी सोडू नये. धनुष्य मोडू शकतं.
• कार्बनचा बाण रोज हलकेच वाकवून तपासावा. तडा गेलेला बाण सुटताना फुटून हातात घुसू शकतो.
• बाण उपटताना मागे कुणी उभं नको. बाणाचं मागचं टोक डोळ्याला लागू शकतं.
• मुलांसोबत मोठं माणूस हवंच. कुत्रा-मांजर बांधून किंवा घरात ठेवावं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर?
रबरी पट्टा ओढून खांदे, पाठ आणि उभं राहण्याची ढब पक्की करता येते. बाण मात्र मैदानावर, प्रशिक्षकासमोरच सोडावेत.